बस ड्रायवरची मेडिकल पुढच्या महिन्यात, बीपी जास्त येतोय आणि रंगांच्या पुस्तकाची धास्ती, काय तयारी करू?

सिन्नरचा_गडी

नमस्कार मंडळी, मी सिन्नरचा, सध्या माळेगाव एमआयडीसीत कंपनीच्या कामगारांची बस चालवतो. हेवी लायसन आहे, प्रवासी गाडी चालवायचा बॅज आहे, एसटीच्या चालक पदासाठी ट्रायल पण चांगली झाली आणि आता फक्त मेडिकल राहिलीय, पुढच्या महिन्यात नाशिकला बोलावलंय. घरात सगळे खूश आहेत पण मला रात्री झोप नाही. परवा सहज मेडिकल दुकानात मशीनवर बीपी बघितला तर १४६/९२ आला. वडिलांना शुगर आहे, बीपीची गोळी पण चालू आहे, त्यामुळे डोक्यात तेच फिरतंय.

आता जो भेटेल तो वेगळं सांगतो. एक मित्र म्हणतो त्या दिवशी सकाळी वडिलांची गोळी घेऊन जा, बीपी खाली येतो. दुसरा म्हणतो रंग ओळखता येतात का हे बघायचं ते ठिपक्यांचं पुस्तक मोबाईलवर मिळतं, आकडे पाठ करून टाक. कानात पण मळ आहे वाटतं, एका बाजूने जरा कमी ऐकू येतं. आणि लांबचं थोडं अंधुक दिसतं असं हल्ली जाणवतंय, चष्मा कधी लावला नाही. तंबाखू आहे, जास्त नाही. ज्यांनी ही मेडिकल दिलीय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज नीट सांगा, ही नोकरी माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

कसारा_घाट

भाऊ अभिनंदन आधी, ट्रायल पास होणं सोपं नाही. मी एसटीत स्टेअरिंगवर आयुष्य काढलंय, आता रिटायर आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. दुसऱ्याची गोळी अजिबात घेऊ नको. वडिलांची गोळी त्यांच्या वयाला, त्यांच्या किडनीला, त्यांच्या शुगरला बघून दिलेली असते. तुला ती घेऊन चक्कर आली तर मेडिकल रूममध्येच बसशील खाली, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब, कारण गोळी घेऊन तू सिन्नरहून गाडी चालवतच येणार ना.

तुझ्याकडे महिना आहे, हे सगळ्यात भारी आहे. बहुतेक पोरं आदल्या दिवशी जागी होतात. तू आज उद्यात जाऊन एखाद्या चांगल्या डॉक्टरला सगळं दाखव, पैसे खर्च होतील थोडे पण काय निघतंय ते मेडिकलच्या आधी तुला कळेल. बीपी असेल तर उपचार चालू होईल, चष्मा लागत असेल तर चष्मा येईल. लपवायला गेलास तर दोन्ही जातं, नोकरी पण आणि तब्येत पण. आणि नोकरीत लागल्यावर डोळे तपासणी होत राहते रे, एकदा पास झालास म्हणजे सुटलास असं नसतं.

डोळ्यांबद्दल एवढं कडक का असतात ते घाटात कळतं. पावसात कसारा उतरताना समोरून ट्रकची हेडलाईट डोळ्यावर आली की दोनतीन सेकंद काहीच दिसत नाही, त्या दोनतीन सेकंदात पांढरी पट्टी, कठडा आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा एवढंच तुझ्या हातात असतं, आणि मागे पन्नास माणसं झोपलेली असतात. सप्तशृंगी गडाच्या चैत्रातल्या जत्रेला गाडी लावतील तेव्हा बघ, रात्रभर वळणं. तिथे ज्याला लाल आणि काळपट वेगळं दिसत नाही त्याने बसू नये, हे मला मनापासून वाटतं.

चष्मेवाली_नाशिकरोड

दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, रोज हेच काम करते त्यामुळे डोळ्यांचं मी सांगते.

लांबचं अंधुक दिसतंय म्हणताय तर नंबर असण्याची शक्यता आहे, तो आधी काढून घ्या. ६/६ म्हणजे चांगली नजर असलेल्या माणसाला तक्त्यावरची जी ओळ सहा मीटरवरून वाचता येते ती तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता येणं. ६/१२ आलं तर जी ओळ बाकीचे बारा मीटरवरून वाचतात ती वाचायला तुम्हाला सहावर यावं लागतं. प्रत्येक डोळा वेगळा बघतात, आणि इथेच लोक फसतात, कारण एक डोळा चांगला असला की दुसरा कमजोर आहे हे रोजच्या जगण्यात कळतच नाही. आत्ता एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचून बघा, मग दुसऱ्याने. अजून एक साधी गोष्ट, लायसनच्या फॉर्ममध्येच विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. सिन्नर स्टँडवर उभ्या गाडीपासून मोठी पंचवीसतीस पावलं मागे जा आणि दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून वाचा, घरबसल्या अंदाज येईल.

चष्मा चालतो का आणि किती नंबरपर्यंत, ते पदाच्या जाहिरातीत दिलेलं असतं, तेच धरून चाला. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला, म्हणजे इंजिन ड्रायवरच्या मदतनीसाला, चष्म्याशिवाय ६/६ लागतं आणि लेसर करून नंबर घालवलेला पण चालत नाही, तो नियम ऐकून बसवाले पोरं घाबरतात किंवा उलट घाईघाईत लेसर करायला धावतात. दोन्ही करू नका.

आता ते पुस्तक. त्याला इशिहारा टेस्ट म्हणतात, जपानच्या डॉ. इशिहारांनी १९१७ साली काढली, मोठ्या पुस्तकात ३८ पानं असतात. पाठ करून काही उपयोग नाही, कारण पानं कुठूनही उघडतात आणि सगळीकडे एकच उत्तर नसतं. काही पानांवर ज्याला रंग नीट दिसतात त्याला एक आकडा दिसतो आणि लालहिरव्याची गडबड असणाऱ्याला दुसराच, म्हणजे ८ च्या जागी ३, २९ च्या जागी ७०, ७४ च्या जागी २१. काही पानांवर नीट नजरवाल्याला काहीच दिसत नाही आणि गडबड असणाऱ्यालाच आकडा दिसतो. त्यामुळे पाठ केलेला माणूस बरोबर तिथेच अडकतो. पहिलं पान १२ चं, ते सगळ्यांनाच दिसतं, ते टेस्ट कशी असते हे दाखवायला आणि माणूस खरं सांगतोय का हे बघायला असतं. मोबाईलवर बघून स्वतःला पास किंवा नापास करू नका, स्क्रीनचे रंग खरे नसतात, ही टेस्ट छापील पुस्तकावर, दिवसाच्या उजेडात, साधारण हात लांब करून एवढ्या अंतरावरून घ्यायची असते.

हा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो, आईकडून मुलाला येतो, म्हणून तुमच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना आहे का ते विचारा. नसेल आणि तुम्हाला सिग्नलचे दिवे, पिकलेला आणि कच्चा टोमॅटो नीट ओळखू येत असेल तर फार काळजी करू नका, पण एकदा छापील पुस्तकावर तपासून घ्याच. असेल तर त्यावर औषध नाही, आणि रंगीत चष्मे, लेन्स विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

सातपूर_०७

कशाला एवढं करता, ओळखीचा एजंट असतो, पैसे दिले की फिटचं सर्टिफिकेट येतं घरपोच.

कसारा_घाट

सातपूरवाल्या भाऊ, हे पोराला शिकवू नको. उद्या गाडी घेऊन हाच रस्त्यावर असणार आणि त्याच गाडीत तुझ्या घरची माणसं बसणार आहेत. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्र्यंबकला आणि रामकुंडाला माणसांचा समुद्र लोटणार, अशा वेळी खोट्या सर्टिफिकेटवाले ड्रायवर नकोत आपल्याला. आणि पकडला गेला तर नोकरी जाते ती जाते, वर खोटी कागदपत्रं दिल्याची केस.

लॅबवाला_पंचवटी

मी लॅबमध्ये आहे, बीपी आणि शुगरचं जरा सांगतो कारण त्यात गैरसमज फार.

दुकानात उभ्या उभ्या घेतलेल्या बीपीवर विश्वास ठेवू नका. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, लघवीला जाऊन आलेलं असावं, आणि आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी काही नाही. तंबाखूने आकडा वर जातो, तुम्ही गालात धरून मोजला असेल तर तेच कारण असू शकतं. असं आठवडाभर सकाळ संध्याकाळ घेऊन वहीत लिहा. दवाखान्यात १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर त्याला हाय बीपी म्हणतात, मग ती वही घेऊन डॉक्टरकडे जा, ते तुम्हाला तुमची गोळी देतील. बऱ्याच बीपीच्या गोळ्यांचा पूर्ण असर यायला काही दिवस जातात, त्यामुळे सकाळी एक गिळून चमत्कार होत नाही. काही लोकांचा बीपी फक्त डॉक्टरसमोर वाढतो, त्यांना तर ही वही फार कामाला येते.

शुगर उपाशी पोटी करायची असते, आठ ते दहा तास काही खायचं नाही, पाणी चालतं. १०० च्या खाली नॉर्मल, १२६ आणि वर आलं तर डॉक्टर परत तपासायला सांगतात. आणि एचबीएवनसी सांगितली तर ती मागच्या दोनतीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते, तिला एका आठवड्याच्या उपाशी राहण्याने फसवता येत नाही. वडिलांना शुगर आहे तर तुम्ही ही टेस्ट मेडिकल असो नसो करायलाच हवी.

लघवीच्या टेस्टच्या आदल्या दिवशी जिममध्ये जोर लावू नका, खूप व्यायामाने पण प्रोटीन थोडं दिसू शकतं आणि उगाच शंका निघते. पहिली धार सोडून मधली द्या. आदल्या रात्री मिसळीवर ताव नको, साधं वरणभात खा आणि झोपा, जागरणाने आकडे बिघडू शकतात.

नाशिक_सिटीबस

कानाचं मी सांगतो, मी शहरातल्या बसवर आहे. कानात काडी, तेल, पिन काही घालू नकोस, मळ अजून आत जातो. ईएनटीकडून, म्हणजे कान नाक घशाच्या डॉक्टरकडून काढून घे, पण मेडिकलच्या चारपाच दिवस आधी, कारण कधीकधी काढल्यावर कान एकदोन दिवस दुखतो. ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी असेल तर आदल्या रात्री डीजे, हळद, मिरवणूक टाळ, मोठ्या आवाजाने कान तात्पुरता बधिर होतो. आणि तुझी आत्ताची बस डिझेल असेल तर रात्रभर इंजिनाच्या आवाजात रात्रपाळी करून तडक मेडिकलला जाऊ नको, सुट्टी टाक.

सिन्नरचा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. चष्मेवाल्या ताई तुम्ही सांगितलं तसं आज स्टँडवर केलं, उजव्या डोळ्याने प्लेट आरामात वाचली पण डाव्याने शेवटचे दोन आकडे पुसट दिसले, आजपर्यंत कळलंच नव्हतं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. बीपीची वही सुरू केलीय आणि तंबाखू बंद केलीय, आईला सांगून ठेवलंय. मामाला फोन केला, त्यांना रंगांचा काही प्रॉब्लेम नाही. फक्त एक विचारायचं होतं, चष्मा लागला तर तो मेडिकलच्या दिवशीच पहिल्यांदा घालू की आधीपासून?

चष्मेवाली_नाशिकरोड

आधीपासून दादा, मिळाल्या दिवसापासून लावा. पहिले काही दिवस पायऱ्या उतरताना जमीन जवळ वाटते, डोकं जरा जड होतं, ते मेडिकलच्या आधीच उरकून जाऊ दे. गाडी चालवण्याच्या आधी चालताना, जिना उतरताना सवय करून घ्या. नंबरचा कागद आणि चष्म्याची पावती फाईलमध्ये ठेवा, आणि जाहिरातीत चष्म्याबद्दल काय लिहिलंय त्या पानाची झेरॉक्स पण सोबत असू द्या.

कसारा_घाट

आणि फाईलमध्ये लायसन, बॅजची ओरिजिनल, आधार, फोटो, बोलावण्याचं पत्र. बीपीची गोळी सुरू झालीच तर प्रिस्क्रिप्शन पण ठेव आणि विचारतील तेव्हा सरळ सांग. सिन्नरहून सकाळची पहिली गाडी पकड, द्वारकेला ट्रॅफिक लागतं, धावत घाम गाळत पोचलास तर बीपी वर दिसेल. पोचल्यावर पंधरा मिनिटं बाकड्यावर शांत बस आणि मग नाव दे.