शब्दचर्चा : 'जिवा', 'हार्ता', 'रोंदा', 'गिरिक' – इंडोनेशियाच्या खेड्यातले शब्द मराठीत कसे आणावेत?

पाणंद
इंडोनेशियातल्या दुर्गम गावांसाठीची एक माहितीपुस्तिका मराठीत आणायची आहे. विषय : घर, जमीन, चोरी, आग, भूकंप. पहिल्याच वाक्यात 'केसलामातान जिवा दान हार्ता बेंदा वार्गा देसा' असं आहे. मूळं बघितली तर जीव, अर्थ, भांड, वर्ग, देश असे सगळे ओळखीचे संस्कृत शब्द, पण अर्थ लागत नाही. पुढे रोंदा, जिंपितान, गिरिक, पुसाका, गादाइ येतात. प्रतिशब्द सुचवा, आणि कुठे मूळ शब्दच ठेवायचा तेही सांगा.

तळटीप
वाक्याचा अर्थ 'गावकऱ्यांच्या जीविताची आणि मालमत्तेची सुरक्षितता'. 'हार्ता बेंदा' ही जोडी आहे, आपल्या 'चीजवस्तू'सारखी, म्हणून तिचे तुकडे करू नका. 'केसलामातान'मध्ये आपलं 'सलामत' बसलेलं आहे. 'वार्गा' म्हणजे रहिवासी, आणि 'देसा' म्हणजे देश नव्हे, खेडं. 'कोर्बान जिवा' आलं तर 'जीवितहानी' लिहा.
फसवे शब्द आणखी आहेत. 'बेंचाना' वंचनेपासून आला, अर्थ आपत्ती. 'बाहाया' भयापासून, अर्थ धोका. 'केपाला' म्हणजे डोकं किंवा प्रमुख, कपाळ नाही. उलट 'देंदा' म्हणजे दंडच, 'साक्सी' म्हणजे साक्षीदारच. 'हाक', 'वारिस', 'वाकिल' हे अरबीतून दोन्हीकडे आलेले, तेही बरेचसे जुळतात.

खडू
'केपाला देसा'ला सरपंच म्हणायला हरकत नाही, तो निवडून येतो. २०१४च्या ग्रामकायद्यात मुदत सहा वर्षांची होती, २०२४च्या दुरुस्तीनंतर ती आठ वर्षांची झाली. 'लुराह' मात्र वेगळा : तो नेमलेला सरकारी अधिकारी, शहरी भागातल्या 'केलुराहान'चा. जावामधली माणसं बोलताना निवडून आलेल्या प्रमुखालाही 'पाक लुराह' म्हणतात, तेव्हा संवादात आणि कागदपत्रात वेगवेगळा अनुवाद करावा लागेल. 'दुसुन' म्हणजे वाडी.
'एर-ते' (RT) या दोन अक्षरांना आपल्याकडे जोड नाही. काही डझन घरांचा गट आणि त्यातूनच निवडलेला बिनसरकारी प्रमुख. जपानी ताब्याच्या काळात, १९४४मध्ये, आणलेल्या 'तोनारिगुमी' या शेजारगटांतून ही रचना आली. 'शेजारगट' चालेल, पण कंसात एर-ते ठेवा, कारण गावातल्या प्रत्येक फलकावर तीच अक्षरं असतात.

पाणंद
'रोंदा'ला 'गस्त' लिहिलं आहे. पण 'जागल्या' हा शब्द सोडवत नाही. इंडोनेशियनमध्येही 'जागा' म्हणजे राखण करणे, एकाच मुळातला.

वेशीवरून
मूळ एक असलं तरी 'जागल्या' इथे नको. जागल्या वतनदारीतला, ठरावीक घराण्याकडे काम असलेला माणूस. रोंदा पाळीची असते : गटातल्या प्रत्येक घरातून एक प्रौढ पुरुष, आठवड्यातली एक रात्र, आणि नावांची यादी चौकीत टांगलेली. पाळी चुकवली की 'देंदा'. 'पाळीची गस्त' म्हणा. पैसे देऊन ठेवलेल्या रात्रीच्या राखणदाराला तिकडे 'जागा मालाम' असा वेगळा शब्द आहे, 'जागल्या' वापरायचाच असेल तर तिथे शोभेल. 'रोंदा' पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आपल्या जुन्या 'रोंद'चा भाऊबंद.
'जिंपितान'वर जरा थांबायला हवं. 'जिंपित' म्हणजे बोटांच्या चिमटीत उचलणं. जावामधल्या गावांत प्रत्येक घर संध्याकाळी कुंपणाला किंवा दारापाशी अडकवलेल्या डब्यात चमचाभर, फार तर छोटी वाटीभर तांदूळ टाकतं, हल्ली कित्येक ठिकाणी पाचशे रुपियांचं नाणं. गस्तवाले रात्री ते गोळा करतात, वहीत घरासमोर खूण करतात आणि जमलेल्या तांदळाचे पैसे करून गटाच्या निधीत टाकतात. चौकीचा दिवा, आजाऱ्याला मदत, रस्त्याची डागडुजी त्यातून होते. ही नुसती वर्गणी नाही. सकाळी डबा भरलेलाच दिसला तर रात्री गस्त त्या गल्लीत फिरलीच नाही हे घरच्यांना कळतं. आणि एखाद्या घराचा डबा दोन रात्री रिकामा असला तर गस्तवाले दार वाजवून विचारतात. म्हणून 'मुष्टिफंड' शब्द जवळचा वाटला तरी त्यात ही हजेरीची बाजू येत नाही. 'जिंपितान (दारातला मूठभर तांदूळ)' असं पहिल्यांदा देऊन पुढे मूळ शब्द चालवा.

तळटीप
'केंतोंगान'ही मूळच ठेवा. जाड बांबूच्या पेराला किंवा फणसाच्या पोकळ ओंडक्याला उभी फट पाडतात, आडोशाला टांगतात आणि दांडक्याने वाजवतात. 'घंटा' लिहिलं तर वाचकाला धातू दिसेल. जावामध्ये ठोक्यांची भाषा साधारण अशी : सुटा एकेक ठोका म्हणजे खून किंवा मृत्यू, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन आग, चार-चार नैसर्गिक आपत्ती, पाच-पाच गुरांची चोरी. न थांबता झपाट्याने वाजवणं म्हणजे 'तितिर', तातडीचा धोका. 'दोरो मुलुक' हा चढत-उतरत जाणारा ठेका म्हणजे सगळं ठीक. गावागणिक फरक पडतो, म्हणून पुस्तिकेत 'आपल्या गावचे संकेत चौकीतल्या फलकावर पाहा' अशी ओळ हवीच. तीनचे ठोके चोरीचे समजून लोक काठ्या घेऊन धावले आणि पाण्याच्या बादल्या घरीच राहिल्या, तर नुकसान घराचं होतं. मशिदीचा कर्णा आणि फोनवरचे गट आता आहेतच, पण भूकंप-वादळात वीज आणि मनोरे आधी जातात.
जावानीजमध्ये गुराढोरांना 'राजाकाया' म्हणतात. इथे 'पशुधन'पेक्षा 'गोधन' कानाला बरं वाटेल, पण त्यात म्हशी येत नाहीत. 'गुरंढोरं' लिहा.

बांधकरी
जमिनीच्या शब्दांत घाई करू नका. 'गिरिक'ला कोणी 'सातबारा' म्हणालं तर ठाम नाही म्हणा. ग्रामकार्यालयात 'लेतर-से' ('से' म्हणजे C हे अक्षर) नावाची वही असते : तिच्यात करदात्याचं नाव, से-क्रमांक, 'पेर्सिल' म्हणजे तुकड्याचा क्रमांक, वर्ग (भातखाचराला एस, कोरडवाहू-घरवटीला डी), क्षेत्र आणि कर. गिरिक हा तिच्या आधारे करदात्याच्या हाती असलेला कागद. पूर्व जावात त्याला 'पेतोक-दे' म्हणतात. नोंद माणसागणिक आहे, म्हणून आपल्याकडचं जवळचं नातं गाव नमुना ८अ, म्हणजे खाते उताऱ्याशी. 'करनोंदीचा उतारा' हा नेमका अनुवाद.
फरक महत्त्वाचा का? गिरिक मालकी सिद्ध करत नाही, कर कोण भरतं ते सांगतो. विक्री तोंडी झाली, वहीत नाव बदललं नाही, मूळ माणूस वारला, आणि त्याची मुलं जुना गिरिक घेऊन उभी राहिली, ही तिकडच्या भांडणांची नेहमीची वाट. २०२१च्या १८ क्रमांकाच्या शासकीय नियमाने अशा जुन्या कागदांवरच्या जमिनी पाच वर्षांत, म्हणजे फेब्रुवारी २०२६पर्यंत, नोंदवायला सांगितलं. त्यानंतर हे कागद पुरावा नाहीत, फक्त मागमूस. त्यामुळे 'मालकीचा उतारा' असा अनुवाद वाचणाऱ्याला सरळ खड्ड्यात घालेल.
'सेर्तिफिकात हाक मिलिक' म्हणजे मालकी हक्काचं प्रमाणपत्र. कागद अपुरे असतील तर २० वर्षं सलग, सद्भावनेने ताबा असल्याचं लेखी निवेदन आणि किमान दोन भरवशाचे साक्षीदार लागतात. 'पातोक' म्हणजे हद्दीचा खुंट किंवा दगड. सरकारच्या सामूहिक जमीननोंदणीत मोजणीदार येण्याआधी तो मालकानेच, शेजाऱ्याला उभं करून, ठोकायचा असतो. शेजारी गैरहजर असताना ठोकलेला खुंट मोजणीच्या दिवशी वाद उभा करतो. गावपातळीवरच्या तयारीचा खर्च २०१७च्या तीन मंत्र्यांच्या निर्णयाने बांधून दिला आहे : जावा-बालीत १,५०,००० रुपिया, सर्वांत दूरच्या प्रांतांच्या गटात ४,५०,०००. आकडे तसेच ठेवा, जास्त मागणाऱ्याला ओळखायला तेच उपयोगी पडतात.
'पिंजाम नामा' (नाव उसनं घेणं) याला आपला 'बेनामी व्यवहार' चपखल बसतो. परदेशी माणसाला १९६०च्या जमीन कायद्याने हाक मिलिक मिळत नाही. गावातल्या कुणाच्या नावावर घेतलेली जमीन ही पळवाट ठरली, तर व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होते.

पाणंद
'हार्ता पुसाका तिंग्गी'ला 'वडिलोपार्जित मालमत्ता' लिहू का?

बांधकरी
पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंबद्दल असेल तर अजिबात नको. ती मिळकत आईच्या वंशातून उतरते, बापाच्या नाही. 'काउम' या मातृकुळाची ती सामाईक असते, कारभार मामाकडे, म्हणजे 'मामाक'कडे (शब्द आपल्याला आयता मिळाला आहे). 'वडिलोपार्जित' वाचून मराठी माणूस मुलाचा हिस्सा काढायला बसेल. 'मातृकुळाची अविक्रेय मिळकत' जड आहे, पण खरं आहे. विकता येत नाही, 'गादाइ' ठेवता येते, तीही परंपरेने चारच कारणांसाठी : घरात मृतदेह असताना अंत्यविधीला पैसे नसणं, उपवर मुलीचं लग्न अडणं, कुळाचं मोठं घर गळणं, आणि कुळाच्या प्रमुखाचं रिकामं पद भरणं.

वेशीवरून
'गादाइ'ला नुसतं 'गहाण'ही अपुरं. यात जमिनीचा ताबा पैसे देणाऱ्याकडे जातो आणि पीक तोच खातो. 'ताबेगहाण' लिहा. १९६०च्या कायद्याने (क्रमांक ५६) असं शेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त धरणाऱ्याने, उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात, पैसे न मागता परत करायचं आहे. मिनांगकाबाऊ गावांत मात्र पैसे फेडल्याशिवाय जमीन सुटत नाही असा रिवाज अजून जोरात आहे. पुस्तिकेत दोन्ही लिहिलेलं असेल तर अनुवादात एक गाळू नका.

खडू
'लेउइत'बद्दल थोडं. पश्चिम जावाच्या सुंदा भागातलं, बांतेनमधल्या बादुई समाजाकडेही असणारं भाताचं कोठार. 'कणगी' घरात असते, 'पेव' जमिनीत, म्हणून दोन्ही चूक. लेउइत खांबांवर उभं असतं आणि घरांपासून मुद्दाम दूर. घरं लाकूड-बांबूची, छप्पर पानांचं, एकाला आग लागली की रांग जाते, पण वर्षाचं धान्य वाचतं. काही लेउइतांना खांबाच्या माथ्यावर 'गेलेबेग' ही लाकडी गोल चकती असते. उंदीर खांबावर चढला तरी तिच्या कडेला उलटा लटकून पुढे सरकू शकत नाही. 'भाताचं कोठार' लिहा आणि अंतराचा मुद्दा जाऊ देऊ नका.

तळटीप
सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावरचा 'स्मोंग' शब्द आला तर त्याला 'त्सुनामी' करून टाकू नका. जोराचा भूकंप, मग समुद्र मागे हटणं, मग टेकडीकडे पळणं, एवढं सगळं त्या एका शब्दात सांगितलेलं आहे. १९०७च्या लाटेनंतर ते गाण्या-गोष्टींतून पुढे आलं. २६ डिसेंबर २००४ला सुमारे ७८ हजारांच्या त्या बेटावर सात माणसं गेली, त्याच आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर लाखाहून जास्त.

पाणंद
हे सगळं घेतो. शेवटचं एक : गावाच्या तोंडाशी असतो तो फलक, 'तामू १ × २४ जाम वाजिब लापोर'. शब्दशः 'पाहुणा १ गुणिले २४ तास कळवणे सक्तीचे'.

खडू
गुणाकार काढून टाका. '१ × २४ जाम' ही तिकडच्या सरकारी भाषेतली 'एक अहोरात्र' म्हणायची पद्धत. 'मुक्कामी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत शेजारगट प्रमुखाला द्यावी.' खाली टीप द्या की ओळखपत्र सोबत न्यायचं, आणि कळवण्याची जबाबदारी पाहुण्याइतकीच यजमानाचीही धरतात.