फवारणी करताना माणूस कोसळला, तर ऊन लागले की विषबाधा झाली हे कसे ओळखावे?

प्रश्न : कापूस उत्पादक, मारेगाव तालुका

नमस्कार. आमच्याकडे सध्या पऱ्हाटीवर फवारणी जोरात सुरू आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या वावरात फवारणी करणाऱ्या एका मजुराला दुपारी मळमळू लागले, दरदरून घाम फुटला आणि तो धुऱ्यावरच बसला. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले औषध भिनले. एकाने लिंबूपाणी पुढे केले, तर दुसऱ्याने मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला सांगितले. या चर्चेत बराच वेळ गेला आणि मग त्याला दुचाकीवर मधे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तो आता बरा आहे. परंतु २०१७ साली याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. ऊन आणि विषबाधा यांतला फरक ओळखावा कसा, आणि गाडी येईपर्यंत नेमके काय करावे?

उत्तर : निवृत्त आरोग्य सेविका, घाटंजी

भाऊ, सर्वांत आधी डोळे पाहावेत. कपाशीवरची अनेक कीटकनाशके ऑर्गेनोफॉस्फेट गटातील असतात आणि त्यांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. उन्हात मात्र सगळ्यांच्याच बाहुल्या लहान होतात, म्हणून रुग्णाला सावलीत आणून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांशी तुलना करावी. सोबत तोंडाला लाळ, डोळ्यांना व नाकाला पाणी, उलटी, जुलाब, पापण्यांची वा दंडाच्या स्नायूंची फडफड आणि छातीत घरघर दिसली, तर विषबाधाच समजावी. उष्माघातात अंग भट्टीसारखे तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो; पण अशी लाळ गळत नाही. बाहुल्या बारीक नसल्या म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. सर्वच औषधांची लक्षणे सारखी नसतात. हातात पंप असताना माणूस आजारी पडला असेल, तर शंकेचा निकाल विषबाधेच्या बाजूनेच लावावा.

प्रथम १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने निघावे. दरम्यान रुग्णाला फवारलेल्या ओळींपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला हलवून अंगावरचे सर्व कपडे उतरवावेत, कारण पाठीवरचा पंप गळून भिजलेला सदरा जोवर अंगावर आहे, तोवर विष कातडीतून आत जातच राहते. मग साबण व भरपूर पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावे. केस, कानांमागचा भाग, नखे, काखा आणि जांघा हमखास राहून जातात. डोळ्यांत औषध उडाले असेल, तर साध्या पाण्याची धार १५ मिनिटे सोडावी. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना रबरी मोजे, नाहीतर निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.

ओकारी काढू नये. मीठपाणी, दूध, ताक, लिंबू यांपैकी काहीही पाजू नये. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या घशाखालचे पाणी फुप्फुसात उतरते आणि त्यानेच जीव जातो. त्याला डाव्या कुशीवर, तोंड किंचित खाली करून निजवावे व लाळ पुसत राहावे. श्वास थांबलाच, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब द्यावेत; तोंडाला तोंड लावून श्वास मात्र देऊ नये.

उत्तर : शेतकरी, आर्णी

ताईंनी सांगितलेले खरे, परंतु वावरात पाणीच नसेल तर धुणार कशाने? आमच्याकडे फवारणीच्या दिवशी धुऱ्यावर स्वच्छ पाण्याचा वेगळा ड्रम, साबणाची वडी आणि एक जुना सदरा-पायजमा ठेवल्याशिवाय पंप भरत नाही. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत दवाखान्यात न्यावे. दोन औषधे मिसळली असतील, तर दोन्हींची न्यावीत. चामड्याची चप्पल व पट्टा यांत औषध मुरते आणि धुऊनही निघत नाही, म्हणून ते पुन्हा वापरू नयेत.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. त्या मजुराला एका रात्रीत घरी सोडले. आता भीती नाही ना?

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

चार दिवस लक्ष ठेवावे. ऑर्गेनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिली लक्षणे ओसरल्यानंतरही साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. सकाळ-संध्याकाळ त्याला उताणे निजवून उशीवरून डोके उचलायला सांगावे. डोके उचलता आले नाही, आवाज खोल गेला किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना आवर्जून सांगावीशी वाटते. या विषबाधेवर उतारा म्हणून ॲट्रोपीनचे इंजेक्शन दिल्यावर तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि कधीकधी रुग्ण भ्रमात बडबडू लागतो. हे पाहून काही जण घाबरून, लिहून देऊन रुग्णाला मध्येच घरी नेतात. ॲट्रोपीनचा परिणाम उतरला आणि विष शरीरात शिल्लक असले, तर छातीत पुन्हा पाणी भरते, आणि तेव्हा गावाहून परत येण्याइतका वेळ हाती राहत नाही. डॉक्टरांनी सोडेपर्यंत त्याला तिथेच राहू द्यावे, आणि या हंगामात त्याच्या पाठीवर पुन्हा पंप देऊ नये.