घरी बनवलेल्या लगेज फ्रेमची पट्टी वेल्डिंगजवळ तडकते आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या पल्सर १५०च्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या अडकवता याव्यात म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच फ्रेम बनवली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून १६ मिमी व्यासाचा एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाचा) गोल पाइप आणि २५ × ५ मिमीची पट्टी आणली, मापे आधी जाड पुठ्ठ्यावर काढली आणि वेल्डिंग तेवढे ओळखीच्या कारागिराकडून करून घेतले. गाडीच्या चासीला वेल्डिंग करायचे नाही आणि भोकही पाडायचे नाही हे पहिल्यापासून ठरले होते, त्यामुळे प्रत्येक बाजूची फ्रेम वर शॉकअपच्या बोल्टला आणि खाली मागच्या पायदानाच्या ब्रॅकेटला बसवली आहे. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) चाकाबरोबर वरखाली होत असल्याने त्याचा आधार घेतला नाही. डावीकडे साडीगार्ड आडवे येत होते, पण ते काढायला नियमांची आणि आईची, दोघांचीही परवानगी नसल्याने फ्रेम त्याच्या बाहेरून घेतली.

पेट्या म्हणजे वंगणाचे २० लिटरचे रिकामे कॅन असून प्रत्येकात साधारण ७ किलो सामान असते. आंबा घाटातून रत्नागिरीला दोनदा जाऊन आल्यावर उजव्या बाजूच्या वरच्या पट्टीला वेल्डिंगच्या अगदी कडेला केसासारखी चीर दिसली. वेल्डिंग सुटलेले नाही, शेजारची पट्टीच तडकली आहे. या बाजूची फ्रेम सायलेन्सरपासून दूर ठेवण्यासाठी डावीपेक्षा सुमारे दोन इंच बाहेर काढावी लागली आहे. रिकामी पेटी हाताने हलवली तरी फ्रेमचे मागचे टोक आडवे डुलते. ५ मिमीऐवजी ८ मिमीची पट्टी लावली तर भागेल, की मांडणीतच चूक आहे?

प्रतिसाद :

चूक मांडणीत आहे. तुमची पट्टी उभ्या भाराला पुरेशी आहे, पण पेटी आडवी डुलते तेव्हा ती पट्टी तिच्या ५ मिमीच्या बाजूने पुन्हा पुन्हा वाकते, आणि असे वाकणे वेल्डिंगच्या कडेलाच एकवटत असल्याने चीर तिथेच पडते. उजवी पेटी जास्त बाहेर असल्याने तिथला पीळही जास्त आहे. जाड पट्टी लावलीत तर तोच पीळ शॉकअपच्या बोल्टवर जाईल, आणि घाटात पट्टीऐवजी तो बोल्ट तुटणे कितीतरी वाईट.

दोन्ही फ्रेमची मागची टोके नंबरप्लेटच्या मागून जाणाऱ्या एका आडव्या पाइपने जोडा. हा पाइप वेल्ड न करता बोल्टने बसवा, म्हणजे मागचे चाक काढताना खोळंबा होणार नाही; मात्र नंबर आणि टेललाइट झाकले जाणार नाहीत एवढे पाहा. चिरेवर नुसते वेल्डिंग भरू नका; तेवढा तुकडा कापून नवा लावा आणि कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्या. वरचा बोल्ट आता लांब लागला असेल, तर तो ८.८ ग्रेडचाच (जास्त मजबुतीचा) घ्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा) लावा आणि पट्टी व शॉकअपच्या मधली जागा वॉशरांची चळत रचून न भरता एकसंध लोखंडी बुशने (नळीच्या तुकड्याने) भरा. अवजारे, पंक्चर किट असा जड माल पेटीत तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवा. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा आवळा आणि आडवा पाइप बसवल्यावर डुलणे किती उरले ते इथे कळवा.