जुनाट दुखण्याचा रुग्ण व्हिडिओ कॉलवर तपासावा का?

वेदनातज्ज्ञ, नाशिक
तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याचा फॉलोअप मी २०२० च्या लॉकडाऊनपासून व्हिडिओवर घेतो, आणि तो बंद करायची माझी तयारी नाही. कंबरदुखीच्या एक बाई अक्कलकुव्याहून एसटीने यायच्या. ओपीडीत पोचेपर्यंत कंबर धरलेली असायची, आणि मी ते प्रवासाचं दुखणं त्यांच्या आजाराच्या खात्यात लिहून गोळी वाढवायचो. कॉलवर पहिल्यांदा त्यांचं स्वयंपाकघर दिसलं. चूल जमिनीवर, पाण्याचा हंडाही खालीच. चार वर्षं मी हे विचारलंच नव्हतं. मुलाने दोन्ही ओट्यावर घेतलं, रात्रीची एक गोळी सुटली.

फिजिओथेरपिस्ट, सोलापूर
डॉक्टर, माझा साफ विरोध आहे. माझ्याकडे एक रिक्षाचालक आले. आठ महिने फोनवर 'सायटिका', म्हणजे मणक्यातून पायात जाणाऱ्या नसेचं दुखणं, म्हणून औषध चालू. पाय सरळ उचलला, सायटिकात येते तशी कळ नाही. खुबा आतल्या बाजूला वळवला तशी किंकाळी फोडली. दुखणं सांध्याचं होतं, मणक्याचं नव्हतंच. हे पडद्यावर कसं कळणार?

वेदनातज्ज्ञ, नाशिक
पहिली तपासणी समोरच व्हावी, हे मलाही मान्य. लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर मी कॉल थांबवून तडक रुग्णालयात पाठवतो. मी बोलतोय ते पुढच्या भेटींबद्दल.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, नंदुरबार जिल्हा
'पहिली भेट समोर' हे शहरात बसून म्हणणं सोपं आहे. आमचे लोक समोर येईपर्यंत दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर उपकेंद्रातली सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) रुग्णाशेजारी असते, मी सांगतो तसा पाय तीच उचलते. रेंज असेल तर. नसली की सगळंच खुंटतं.

पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या वेदना कमी करणारी शुश्रूषा) डॉक्टर, पुणे
औषधांचं कोणीच बोललं नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अमली पदार्थविरोधी कायद्यातली वेदनाशामकं कॉलवर लिहिता येत नाहीत. म्हणजे मॉर्फिन नाही, आणि २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आलेलं ट्रॅमाडॉलही नाही. कॅन्सरचा रुग्ण खाटेला खिळलेला, मला व्हिडिओवर त्याचं कण्हणं ऐकू येतं आणि मी पॅरासिटामॉल लिहिते. त्या रात्री मला झोप लागत नाही.

फिजिओथेरपिस्ट, सोलापूर
कॅन्सरपुरती सूट मिळावी, पटतं. पण सरसकट नको. कंबरदुखीसाठी सुरू झालेलं ट्रॅमाडॉल सुटता सुटत नाही, असे रुग्ण मी रोज बघते. ते फोनवर मिळायला लागलं तर व्यायाम कोण करेल?

नंदुरबारच्या डॉक्टरांना विचारायचंय: पाय उचलताना गुडघा वाकू द्यायचा नाही, कळ कुठल्या कोनाला आली ते नोंदवायचं, हे तुमच्या सीएचओंना कोणी करून दाखवलंय का? नसेल तर तारीख कळवा, मी येते.