मदत हवी आहे: मोठ्या एसयूव्हीत हवा किती ठेवावी?

मंडळी, माझी सात सीटची डिझेल एसयूव्ही आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 पीएसआय आहे, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागे 39. मी बहुतेक वेळा एकटाच हायवेवर असतो. सकाळी टायर थंड असताना चारही चाकांत 36 भरून पाहिलं. गाडी हलकी पळते, अ‍ॅव्हरेजही जरा सुधारलं. पण खड्ड्यात दणके बसतात आणि टायरची मधली नक्षी कडांपेक्षा लवकर झिजतेय, बोट फिरवलं की लगेच कळतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना तर धास्तीच वाटते. (टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरत नाही.) स्टिकरपेक्षा 2-3 जास्त ठेवणारे कुणी आहात का? टायर किती किलोमीटर चालले? की सरळ 33 वर यावं? सुट्टीत मुलं गाडीत असतात, त्यामुळे डिझेलपेक्षा पकडीची काळजी जास्त आहे.