एकच स्वयंपाक, तीन वेगळ्या गरजा: ताटं कशी वाढावीत?

माजघर_परभणी
घरात रोज ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एक भाजी आणि रात्री थोडा भात. खाणारे तिघे. भाऊ 38 वर्षांचा, 58 किलो, दिवसभर रानात. वहिनी 29 वर्षांची, 50 किलो, बाळ चार महिन्यांचं आणि अंगावर पितं. आई 71 वर्षांची, 50 किलो, दिवसभर बसून. आईचं खाणं म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, घासभर भात आणि तीन कप चहा. हल्ली उठताना तिला हाताचा आधार लागतो. अंडी चालतात, मांस नाही. कुणाला किती लागतं आणि वेगळं न रांधता ते कसं भागवायचं?

ताटवाटी
आधी भावाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत 65 किलोच्या पुरुषासाठी बैठ्या कामाला 2,110, मध्यम कामाला 2,710 आणि जड कामाला 3,470 किलोकॅलरी धरल्या आहेत. 58 किलोला जड कामात साधारण 3,100 लागतील.

60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे 200 मिळतात, म्हणजे आठ भाकऱ्यांत 1,600. त्यावर 75 ग्रॅम तांदूळ, 60 ग्रॅम डाळ, 40 ग्रॅम शेंगदाणे, 40 ग्रॅम तेल, 30 ग्रॅम गूळ, 300 मिली दूध आणि भाजी-कांदा धरला की तीन हजारांच्या वर जातो. तेलाला बिचकू नका. एका ग्रॅम तेलात 9 किलोकॅलरी असतात, पिष्ट आणि प्रथिनांत 4. एवढी गरज नुसत्या भाकरीवर भागवायची तर पोट आधी भरतं.

रानात काम नसेल तेव्हा हीच गरज 2,400 वर येते. फरक तीन भाकऱ्या आणि गुळाच्या खड्याचा आहे, पण सवयीने ताट तेवढंच राहतं आणि पोट सुटतं. दर पंधरा दिवसांनी सकाळी उठल्यावर वजन करा, ताट कमी-जास्त करायला तेवढा अंदाज पुरतो.

डाळघोटणी
हिशोब पटला, पण या घरात खरी अडचण आईच्या ताटात आहे. भाऊ आठ भाकऱ्या खातो, त्यामुळे त्याची प्रथिनं आपोआप 80 ग्रॅमच्या वर जातात. गरज 50 च्या आत आहे. आईला मात्र जेमतेम 1,400-1,500 किलोकॅलरी लागतात, म्हणून ती कमी खाते. भूक कमी झाली तरी प्रथिनांची गरज कमी होत नाही. किलोमागे 0.83 ग्रॅम ही सर्वसाधारण शिफारस आहे, या वयात 1 ग्रॅम धरावा. म्हणजे तिला 50 ग्रॅम हवीत.

आता मिळतं किती ते बघा. दोन भाकऱ्या 12, भात 2, चहातलं दूध 5. वरणाचा आकडा बहुतेक घरांत चुकतो, कारण आपण वाटी मोजतो, डाळ मोजत नाही. 150 ग्रॅम डाळीचं पाणी घालून 12 वाट्या वरण झालं, तर एका वाटीत साडेबारा ग्रॅम डाळ, म्हणजे पावणेतीन ग्रॅम प्रथिनं. एकूण बावीसच्या आसपास. उठताना आधार लागण्याची कारणं सांधे, ड जीवनसत्त्व अशी दुसरीही असतात, ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण एवढ्या प्रथिनांत मांड्यांचे स्नायू टिकणं अवघड आहे.

वेगळं रांधायची गरज नाही. कुकर उघडून डाळ घोटली की पाणी घालायच्या आधीच आईच्या वाटीत घट्ट वरण काढून ठेवा. दोन्ही वेळांना 30-30 ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण पोटात गेलं की 13 ग्रॅम झाली. त्यात एक उकडलेलं अंडं 6, पाव किलो दही 8, भाजीत 25 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट 6. दात नसले तरी कूट चावावा लागत नाही. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी असतो, तो डाळीतून मिळतो. म्हणून भाकरीबरोबर नुसती चटणी आणि भाकरीबरोबर घट्ट वरण यांत मोठा फरक पडतो.

हळीव_खोबरं
वहिनींबद्दल कुणी लिहिलं नाही. घरकाम धरून त्यांना 1,800 च्या आसपास लागतात. पहिले सहा महिने दुधासाठी आणखी 600 किलोकॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं. डिंकाचे दोन लाडू 400 किलोकॅलरी देतात, पण त्यांत तूप, गूळ, खोबरंच जास्त, प्रथिनं थोडी. लाडवांवर भागलं असं धरू नका. मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ आणि एक अंडं रोज हवं.

लोहाचंही बघा. जेवणावर लगेच चहा घेतला तर डाळ-भाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही. तासभर जाऊ द्या आणि उसळीवर लिंबू पिळा. मोड आणल्यानेही लोह जास्त लागू पडतं.

माजघर_परभणी
आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दही-डाळ एवढी वाढवली तर चालेल?

डाळघोटणी
मधुमेहात डाळ, दही, अंडं चालतं. पण आधी मूत्रपिंड ठीक आहे ना हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर वर दिलेले आकडे लागू नाहीत, प्रमाण डॉक्टर ठरवतील. तपासणी ठीक आली तर वाढ एकदम करू नका, पोट फुगेल. पहिला आठवडा फक्त दुपारचं वरण घट्ट करा, मग रात्रीचं. ताटात भर पडेल तसा भात कमी करा आणि चहातली साखर काढा, नाहीतर रक्तातली साखर वर जाईल.