सगळं जळालं नाही!

"१९२२ च्या आगीत आयर्लंडचं सगळं दप्तर जळालं, आता पणजोबांचा शोध कसला" असं आयरिश पूर्वज शोधणाऱ्यांना नेहमी ऐकायला मिळतं. अर्धंच खरं. डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात जळाले ते १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद आणि अँग्लिकन चर्चची निम्म्याहून जास्त रजिस्टरं. कॅथलिक रजिस्टरं गावोगावच्या पाद्रींकडेच होती, म्हणून वाचली. साधारण १८८० पर्यंतची आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट ऑनलाइन ठेवली आहेत.

सरकारी विवाहनोंद कॅथलिकांसाठी १८६४ पासून, इतरांसाठी १८४५ पासून. तिच्यात नवरानवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो. चर्चच्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा फक्त जोडप्याची आणि साक्षीदारांची नावं. साक्षीदार सोडू नका, बहुतेक वेळा भाऊ-बहीणच निघतात. लग्न सहसा नवरीच्या पॅरिशमध्ये (म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत) लागायचं, तेव्हा नवऱ्याच्या गावात डोकं आपटण्यात अर्थ नाही. आईचं माहेरचं आडनाव मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडतं.

कॅथलिक रजिस्टरांत नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. अक्षर? आपल्या तलाठ्याचं बरं म्हणाल. फेब्रुवारीची पानं आधी उघडा. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, लग्नं होत नसत, त्यामुळे त्याआधी नुसती झुंबड, आपल्याकडे चातुर्मासाआधी उडते तशी.

पणजोबा कंपनीच्या फौजेतून मुंबई इलाख्यात आले असतील, तर इथल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे 'एन/३' मालिका बघा.